काँक्रीटचे धुवण काँक्रीटमध्येच जिरवा

अनेक बांधकामांच्या निविदांमध्ये एक वाक्य वर्षानुवर्षे जसेच्या तसे उतरवले जाते: काँक्रीट कालवण्यासाठी फक्त पिण्यायोग्य पाणी वापरावे. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण परिणाम असा होतो की माणसाने प्यावे असे पाणी मिक्सरमध्ये जाते आणि मिक्सर धुतलेले पाणी, जे काँक्रीटखेरीज फारसे कशाच्या उपयोगाचे नाही, ते काँक्रीट तयार करणाऱ्या प्लँटच्या फाटकाबाहेर जाते. हे बदलायला हवे आणि नुसत्या आवाहनाने ते बदलणार नाही, त्यासाठी नियम लागेल, असे माझे स्पष्ट मत आहे. प्लँटवर निघणारे धुवण पुढच्या काँक्रीटमध्ये वापरणे ही रीत ठरावी, बाहेर सोडणे हा अपवाद ठरावा, आणि अपवाद का केला हे सांगण्याची जबाबदारी सोडणाऱ्यावर असावी. आज बहुतेक ठिकाणी उलटे चालते. वापरणाऱ्याला सगळ्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात आणि सोडणाऱ्याला कोणी विचारत नाही.

हे पाणी टाळता येण्यासारखे नाही, हे आधी मान्य करू. प्लँटवरून साईटवर काँक्रीट नेणाऱ्या गाडीच्या, म्हणजे ट्रान्झिट मिक्सरच्या, ड्रममध्ये साधारण ६ ते ९ घनमीटर माल मावतो. साईटवर गाडी पूर्ण रिकामी केली तरी पात्यांना आणि भिंतींना चिकटून २०० ते ३०० किलो माल आत राहतो. तो काही तासांत दगड होतो आणि मग ब्रेकर घेऊन माणसाला ड्रममध्ये उतरावे लागते. त्या बंदिस्त पोलादी पोकळीतला आवाज आणि सिलिकाची धूळ कोणाच्याही वाट्याला येऊ नये. म्हणून दिवसाअखेर ड्रम धुवावाच लागतो आणि एका गाडीला काहीशे लिटरपासून हजारेक लिटरपर्यंत पाणी लागते. प्लँटचा मुख्य मिक्सर, आवाराची धुलाई आणि सिमेंटने माखलेल्या आवारावरून वाहत येणारा पाऊस यांची त्यात भर पडते.

या राखाडी पाण्यात काय असते? न मुरलेले आणि अर्धवट मुरलेले सिमेंटचे कण, वाळूची भुकटी, विरघळलेला चुना, सोडियम-पोटॅशियमचे क्षार, थोडे सल्फेट, थोडे अॅडमिक्श्चर, म्हणजे काँक्रीटचे गुण बदलण्यासाठी घातलेली रसायने. त्याचा पीएच सहसा १२ च्या आसपास असतो. पीएचची मोजपट्टी दहाच्या पटीत चढते, त्यामुळे ७ पासून १२ पर्यंत पोचलेले पाणी शुद्ध पाण्यापेक्षा एक लाख पट अल्कधर्मी असते. असे पाणी ओढ्यात गेले तर माशांचे कल्ले जळतात. शिवाय पाण्यात आधीपासून असलेला अमोनिया चढत्या पीएचला त्याच्या अधिक विषारी रूपात जातो, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या प्रदूषणालाही हे पाणी धार लावते. गाळ जमिनीवर पसरला तर त्याचे कवच होते आणि खाली पाणी मुरत नाही. गटारात गेला तर तो तिथेच घट्ट होतो, कारण सिमेंट पाण्याखालीही घट्ट होते. आणि सिमेंटमध्ये अल्प प्रमाणात असलेले सहा संयुजेचे क्रोमियम पाण्यात उतरते. धुलाईच्या खड्ड्यात हातमोज्यांशिवाय काम करणाऱ्यांच्या हातांना जो न बरा होणारा इसब होतो, त्यामागे बरेचदा हेच क्रोमियम असते. युरोपीय संघाने २००५ पासून सिमेंटमधल्या विद्राव्य क्रोमियमवर दशलक्ष भागांत २ भाग अशी मर्यादा घातली ती याच त्वचारोगामुळे.

मग पाण्यावर प्रक्रिया करून ते सोडावे, असे कोणी म्हणेल. कायद्याने ते पुरेसे असेलही. पण प्रक्रिया म्हणजे काय ते बघा. अल्कधर्मी पाणी उदासीन करायला आम्ल लागते. हायड्रोक्लोरिक आम्ल घातले तर पाण्यात सळई गंजवणारे क्लोराइड वाढते, सल्फ्युरिक घातले तर सल्फेट वाढते. म्हणजे जे पाणी काँक्रीटला चालण्यासारखे होते ते पैसे खर्चून काँक्रीटला न चालणारे करायचे आणि नदीत सोडायचे. त्यातल्या त्यात कार्बन डायऑक्साइड वायू सोडण्याची पद्धत चांगली. तिच्यात विरघळलेल्या चुन्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते, पीएच खाली येतो आणि जास्तीचे घातक काही पाण्यात राहत नाही. तरी खाली बसलेला गाळ उरतोच. तो सुकवा, गाडीत भरा, कुठल्या तरी भराव्यावर नेऊन टाका. दुसरीकडे ताज्या पाण्याचा टँकर आत येतच असतो.

या सगळ्या खटाटोपात एक साधी गोष्ट नजरेआड होते. जो अल्कधर्मी गुण नदीला मारक आहे, तोच काँक्रीटला तारक आहे. कोणत्याही चांगल्या काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांमधल्या द्रावाचा पीएच १२.५ ते १३.५ असतो. त्या अल्कधर्मी वातावरणामुळेच आतल्या सळईवर ऑक्साइडचा पातळ थर टिकतो आणि लोखंड गंजत नाही. शुद्ध पाणी घालून काँक्रीट कालवले तरी काही मिनिटांत ते पाणी धुवणासारखेच होते, कारण सिमेंट त्याला तसे करते. म्हणून धुवणातला पीएच हा काँक्रीटच्या बाबतीत आक्षेपच होऊ शकत नाही. त्यातला चुना, क्षार, भुकटी हे सगळे काँक्रीटमधूनच आलेले आहे. आक्षेप घ्यायचा तर प्रमाणावर घ्यावा, आणि प्रमाण मोजता येते.

हे ज्ञान नवे नाही. पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तरावर काँक्रीटची मजबुती ठरते हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या डफ एब्रॅम्स यांनी १९२४ मध्ये शिकागोतल्या लुइस इन्स्टिट्यूटच्या प्रयोगशाळेतून अशुद्ध पाण्यांवरच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या होत्या. समुद्राचे, दलदलीचे, खाणीतले, कारखान्यांच्या सांडपाण्याचे, अशी तऱ्हेतऱ्हेची पाणी घेऊन त्यांनी काँक्रीट घातले, आणि दिसायला घाणेरड्या असलेल्या बऱ्याच पाण्यांनी समाधानकारक मजबुती दिली. पाणी कसे दिसते यावरून त्याची लायकी ठरत नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. पुढे मानकांनीही ते स्वीकारले. युरोपचे ईएन १००८ हे मानक २००२ चे, अमेरिकेचे एएसटीएम सी १६०२ हे २००४ चे. काँक्रीट उत्पादनातून परत मिळवलेले पाणी वापरायला दोन्ही परवानगी देतात. कसोटीही सरळ आहे: त्या पाण्याने घातलेल्या नमुन्यांची मजबुती शुद्ध पाण्याच्या नमुन्यांच्या किमान ९० टक्के आली पाहिजे आणि सेट होण्याची, म्हणजे घट्ट होऊ लागण्याची, वेळ ठरलेल्या मर्यादेबाहेर सरकता कामा नये. क्लोराइडसाठी प्रीस्ट्रेस्ड (ताणलेल्या पोलादी तारांच्या) कामात दशलक्ष भागांत ५०० आणि इतर सळईच्या काँक्रीटमध्ये १,००० ही मर्यादा आहे.

घन पदार्थांच्या बाबतीत मानकांमध्ये फरक आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. भारतीय मानक आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत पाण्यात तरंगणाऱ्या घन पदार्थांना लिटरला २,००० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. निवळलेले पाणी तिच्यात बसू शकते, ढवळलेली स्लरी, म्हणजे गाळासकटचे पाणी, बसणे शक्य नाही. एएसटीएममध्ये एकूण घन पदार्थांची मर्यादा वजनाने ५ टक्के, म्हणजे कितीतरी सैल आहे. युरोपचे मानक तर पाण्याच्या गढूळपणापाशी थांबत नाही. या पाण्यातून काँक्रीटमध्ये जाणारी जादा भुकटी एकूण खडी-वाळूच्या वजनाच्या १ टक्क्यापेक्षा कमी असावी, असे ते म्हणते. मला ही शेवटची दृष्टी सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण भिंत किंवा खांब आपण पाण्याचा बांधत नाही, काँक्रीटचा बांधतो.

हिशेब करून बघू. घनमीटरला १८० लिटर पाणी आणि १,८०० किलो खडी-वाळू धरा. टाकीतल्या स्लरीची घनता पाण्याच्या १.०३ पट असेल तर लिटरमागे सुमारे ५७ ग्रॅम घन पदार्थ त्यात असतात. सगळेच्या सगळे पाणी स्लरीचे वापरले तरी घनमीटरमध्ये जातील १० किलो. मर्यादा १८ किलोची. एवढी भुकटी क्रश सँडमधल्या, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूतल्या, बारीक कणांच्या चढउतारातही ये-जा करते आणि तिच्याबद्दल कोणी निविदेत वाक्य घालत नाही.

आता अभियंत्यांच्या खऱ्या आक्षेपाकडे येतो, कारण तो हवेतला नाही. स्लरीचे काँक्रीट लवकर सेट होते आणि त्याचा स्लम्प, म्हणजे ओल्या मालाचा सैलपणा, लवकर उतरतो. स्लरीतले आधीच मुरलेले सिमेंटचे कण नव्या सिमेंटच्या स्फटिकांना बीज पुरवतात, त्यामुळे प्रक्रिया वेग घेते. शिवाय हे सच्छिद्र कण पाणी आणि अॅडमिक्श्चर शोषून घेतात. स्लरी जितकी शिळी तितका हा त्रास वाढतो. त्यात बॅचिंगची, म्हणजे घटक मोजून घालण्याची, एक चूक मिसळली जाते. १८० लिटर स्लरी म्हणजे १८० लिटर पाणी नव्हे. वरच्या उदाहरणात जवळपास ५ लिटर जागा घन कणांनी व्यापलेली असते. ऑपरेटरने ती दुरुस्ती केली नाही तर माल प्लँटवरूनच ताठ निघतो. साईटवर पोचेपर्यंत तो आणखी ताठ होतो. तिथे पंप अडतो, मुकादम ओरडतो आणि कोणी तरी ड्रममध्ये नळी सोडतो. ३६० किलो सिमेंटच्या मालात १० लिटर पाणी वाढले की पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५० वरून ०.५३ च्या जवळ जाते. मजबुती घसरते, छिद्रे वाढतात, आणि दोष धुवणाच्या माथी मारला जातो. माझ्या मते पुनर्वापराची बदनामी जिथे झाली तिथे बहुतेकदा गुन्हेगार ही नळीच असते.

म्हणूनच मी मोजमापावर एवढा भर देतो. न मोजता स्लरी वापरणाऱ्यापेक्षा शुद्ध पाणी वापरणारा बरा, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण मोजणे अवघड नाही. रिक्लेमरमध्ये, म्हणजे उरलेला माल धुऊन वेगळा करणाऱ्या यंत्रात, खडी आणि जाड वाळू वेगळी होऊन धुतलेल्या अवस्थेत परत मिळते, ती थेट वापरात येते. उरलेली स्लरी सतत ढवळणाऱ्या टाकीत ठेवायची, नाही तर वर निवळ आणि खाली चिखल असे दोन वेगळे पदार्थ होतात आणि एका बॅचला एक, दुसऱ्या बॅचला दुसरा मिळतो. घनता हायड्रोमीटरनेही कळते, मोठ्या प्लँटवर तिचा आकडा थेट बॅचिंगच्या संगणकाला देता येतो. मग पाण्यात आणि वाळूत दुरुस्ती करायची, गरज पडल्यास अॅडमिक्श्चरची मात्रा वाढवायची. ग्लुकोनेट किंवा सायट्रिक आम्लासारखी हायड्रेशन, म्हणजे सिमेंट आणि पाण्याची प्रक्रिया, रोखून धरणारी रसायने स्लरीत घातली तर कण रात्रभर झोपून राहतात आणि सकाळची स्लरी शिळी होत नाही. ज्याला एवढेही जमत नाही त्याने निदान निवळलेले पाणी वापरावे. त्याचा स्लम्पवर किंवा सेट होण्यावर परिणाम नगण्य असतो. सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

काही ठिकाणी मात्र हात आवरावा. पांढऱ्या किंवा रंगीत, उघड्या ठेवायच्या काँक्रीटमध्ये राखाडी भुकटीने छटा बदलते. हवेचे सूक्ष्म बुडबुडे धरून ठेवायच्या काँक्रीटमध्ये जुन्या अॅडमिक्श्चरचे अवशेष बुडबुड्यांचा हिशेब बिघडवू शकतात. प्रीस्ट्रेस्ड तारांच्या कामात क्लोराइड वारंवार तपासल्याशिवाय हे पाणी नको. खडी क्षारांशी प्रक्रिया करणारी असेल तर स्लरीतून येणारा सोडियम-पोटॅशियमचा वाटा सिमेंटच्या वाट्यात मिळवूनच निर्णय घ्यावा. पण ही यादी एवढीच आहे, आणि साधे पाये, स्लॅब, भिंती, रस्ते, ब्लॉक यांच्या ढिगापुढे ती लहान आहे. यादीबाहेरच्या सगळ्या कामांना तिच्यातल्या कामांचा नियम लावणे हा आळस आहे.

मला सर्वांत जास्त खटकणारी शक्यता रसायनशास्त्रातली नाही. ज्या ग्राहकाकडे सल्लागार असतो, जो काँक्रीटचे नमुना-ठोकळे (क्यूब) भरून घेतो आणि ७ व २८ दिवसांनी प्रेसखाली फोडतो, त्याच्या गाडीत शुद्ध पाणी घालायचे आणि जो दोन खोल्यांच्या घरासाठी एक गाडी मागवतो, त्याच्या गाडीत टाकीच्या तळाचा चिखल लोटायचा, असा मोह कोणत्याही प्लँटला होऊ शकतो. लहान ग्राहक तपासत नाही, त्याला विचारायचे काय हेही माहीत नसते. पुनर्वापर जर दुबळ्याच्या माथी मारण्याचा मार्ग होणार असेल तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. उपाय सोपा आणि जवळजवळ फुकट आहे. प्रत्येक गाडीच्या चलनावर सिमेंट, खडी, स्लम्प यांच्या जोडीला परत वापरलेल्या पाण्याचे प्रमाण आणि त्या दिवशीची घनता छापली जावी. संगणकाला हे आकडे माहीतच असतात. चलनावर ते आले की लपवण्याची सोय जाते, आणि चांगले काम करणाऱ्या प्लँटला ते अभिमानाने दाखवताही येते.

या पाण्याने किती बचत होईल? फुगवून सांगण्यात अर्थ नाही. एक गाडी दिवसात ७ घनमीटरच्या ४ खेपा करत असेल तर तिच्या मालाला साधारण ५,००० लिटर पाणी लागते आणि धुवायला ८०० लिटर धरा. म्हणजे कालवण्याच्या पाण्याचा सहावा-सातवा हिस्सा. पण याच आकड्यात पुनर्वापराच्या बाजूचा सर्वांत पक्का मुद्दा आहे: धुवण नेहमी गरजेपेक्षा कमीच असते. त्यामुळे थेंबही बाहेर न सोडणे हिशेबाने शक्य आहे. अडचण येते ती पावसाच्या दिवशी. ८०० किलो वाळूत ५ टक्के ओल असेल तर ४० लिटर पाणी वाळूबरोबरच येते, म्हणजे मालाची तहान घटते, आणि नेमके त्याच दिवशी आवारातून पाण्याचा लोंढा येतो. त्यासाठी छपराचे स्वच्छ पाणी वेगळ्या पन्हळीने काढणे, वाळूचे ढीग झाकणे आणि सिमेंट सांडणारा भाग चढ देऊन बाकी आवारापासून तोडणे ही कामे प्लँट उभारतानाच करावी लागतात. परवानगी देताना हे नकाशे बघितले जावेत.

सहावा हिस्सा क्षुल्लक वाटत असेल तर काँक्रीटचा पसारा आठवावा. वर्षाला सुमारे १४ अब्ज घनमीटर काँक्रीट जगात ओतले जाते. २०१८ मध्ये नेचर सस्टेनेबिलिटी या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार २०१२ साली जगभरात उद्योगांनी उचललेल्या पाण्यातले ९ टक्के काँक्रीटसाठी गेले, आणि २०५० मध्ये काँक्रीटच्या पाण्याची ७५ टक्के मागणी पाणीटंचाईची शक्यता असलेल्या प्रदेशांतून येईल. जिथे माणसे पाण्यासाठी रांगेत उभी असतील तिथेच सर्वाधिक बांधकाम चाललेले असेल. तिथल्या निविदेत पिण्यायोग्य पाण्याचा आग्रह धरणे मला अन्यायाचे वाटते. त्या जागी मानकाच्या चाचणीला उतरणारे कोणतेही पाणी चालेल, आणि प्लँटवर परत मिळवलेले पाणी आधी वापरावे, असे लिहिता येते. सार्वजनिक कामांच्या खात्यांनी हे लिहिले की खासगी सल्लागार त्यांच्या मागे येतील, कारण तपशील बहुतेक वेळा तिथूनच उतरवले जातात. त्यासोबत प्लँटच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यावर मीटर हवेत. आत येणारे पाणी मोजले जाते कारण त्याचे बिल येते. बाहेर जाणाऱ्याचे येत नाही, म्हणून ते कोणी मोजत नाही.

प्लँटच्या भिंतीआड एवढे करता येते. भिंतीबाहेर अजून एक जागा उरते आणि ती मला जास्त अवघड वाटते. माल ओतून झाला की गाडीचा घसरगुंडीसारखा पन्हाळ आणि पंपाची पाइपलाइन बरेचदा साईटवरच, रस्त्याच्या कडेला धुतली जाते. चालकाला पुढची खेप गाठायची असते, साईटवाल्याला गाडी लवकर हलवायची असते, आणि ते पाणी कोणाचे हे कुठल्याच करारात लिहिलेले नसते. यात चालकाला दंड करून काही साधणार नाही. मागे छोटी टाकी बसवलेल्या आणि पन्हाळाचे धुवण पुन्हा ड्रममध्ये घेणाऱ्या गाड्या आहेत. नवी गाडी घेताना ती सोय सक्तीची करावी. पंपासाठी साईटवर प्लास्टिक अंथरलेला खड्डा किंवा उचलून नेता येणारी पेटी मुख्य कंत्राटदाराने द्यावी आणि तिचा खर्च दरपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून दाखवावा. ते पाणी आणि गाळ प्लँटने परत घ्यायचे बंधन मालाच्या खरेदी करारातच असावे. गाडी रिकामी परत जातेच आहे, ती पेटी घेऊन जाईल.